सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचं: अशा ग्रामपंचायतीत जुळवून कसं घ्यायचं

2017 ला सरपंच थेट जनतेतून निवडायला लागले, मधे 2020 ला ते बंद झालं, 2022 ला परत सुरू झालं. तेव्हापासून बऱ्याच गावांत हीच अडचण झालीय, सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्य जास्त दुसऱ्या पॅनेलचे. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं हे खरं पण कुठलं पॅनेल कुठल्या आमदाराचं हे शेंबडं पोरगंही सांगतं, त्यामुळे वरचं सगळं राजकारण खाली गावात उतरतं आणि पाच वर्षं कुस्तीत जातात.

आधी दोन्ही बाजूंनी एक हिशोब नीट डोक्यात घ्या. सदस्यांकडे बहुमत आहे म्हणून ते मासिक सभेत कुठलाही ठराव पाडू शकतात. पण सरपंचाला घरी पाठवणं एवढं सोपं नाही, पहिली दोन वर्षं अविश्वास आणताच येत नाही, नंतर आणला तरी तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि त्यावर परत ग्रामसभेत गुप्त मतदान. उलट सरपंचाकडे डोंगल (डिजिटल सहीचं यंत्र) आहे, वित्त आयोगाचं, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या निधीचं, पेमेंट ऑनलाइन करायचं तर सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) दोघांची डिजिटल सही लागते. पण ठरावच नसेल तर त्या डोंगलचा काय उपयोग? म्हणजे एकमेकांना अडवायची ताकद दोघांकडे आहे आणि एकट्याने काम करून दाखवायची कुणाकडेच नाही. हे ज्या गावाला पहिल्या दोन महिन्यांत कळतं तिथे रस्ते होतात, बाकीच्या ठिकाणी पैसे खात्यावर पडून राहतात आणि बायका टँकरची वाट बघत बसतात, आणि याचा मला खरंच संताप येतो.

आता बसायचं कसं. दोन्हीकडून दोन-दोनच माणसं, जास्त नकोत, आणि त्यात एक तरी महिला सदस्य असू द्या, तिचा नवरा नाही, ती स्वतः. बैठक कुठल्याही पुढाऱ्याच्या मळ्यात घेऊ नका, शाळेत घ्या, देवळाच्या सभामंडपात घ्या, आणि मासिक सभेच्या आठवडाभर आधी घ्या कारण सभेत एकदा आवाज चढला की मग माघार कुणीच घेत नाही, बघायला गावातली माणसं बसलेली असतात ना.

बोलायला सुरुवात पदापासून करू नका. उपसरपंचपद सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेऊ, हे सगळ्यात आधी सुचतं आणि सगळ्यात आधी मोडतं, कारण सव्वा वर्षानंतर राजीनामा देताना माणूस बदललेला असतो. माझं स्पष्ट मत आहे, तडजोड कामांवर करायची, खुर्चीवर नाही. गाव विकास आराखडा समोर ठेवा आणि प्रत्येकाने आपल्या वॉर्डातलं एकच काम सांगायचं, एकच. पंधराव्या वित्त आयोगात 2021-22 ते 2025-26 या काळात 60 टक्के पैसे बंधित धरले होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, तिथे भांडायला फार जागाच नाही, टाकीची गळती आणि वस्तीवरची पाइपलाइन कुठल्याही पॅनेलची नसते. भांडण असतं ते अबंधित पैशांवर, कुणाच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आणि कुणाच्या गल्लीत गटार. तर तिथे क्रम लावा, यंदा तुमचा वॉर्ड, पुढच्या वर्षी आमचा, आणि हा क्रम तोंडी नको, प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात घ्या.

ठराव लिहिताना एक गोष्ट आवर्जून करा, सूचक एका पॅनेलचा आणि अनुमोदक दुसऱ्या पॅनेलचा ठेवा. दिसायला बारीक वाटतं पण सहा महिन्यांनी कुणी म्हणालं की आम्हाला विचारलंच नव्हतं, तर पान उघडून सही दाखवता येते.

आणि श्रेयाचं आधीच ठरवा. निम्मी भांडणं कामावरून नसतात, नारळ कुणी फोडला आणि फ्लेक्सवर फोटो कुणाचा यावरून असतात. काम पूर्ण होईपर्यंत कुणी स्टेटस ठेवायचं नाही, आणि उद्घाटनाला त्या वॉर्डाचा सदस्य आणि सरपंच दोघं एकत्र उभे राहायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चार माणसांनी बंद दाराआड ठरवलं आणि कामं दोन्हीकडच्या ठेकेदारांना वाटून दिली तर त्याला तडजोड म्हणत नाहीत, ते मॅनेज झालं. गाव मूर्ख नाही. म्हणून जे ठरलं ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, रक्कम, एस्टिमेट, कुठल्या वॉर्डला काय सगळं. आधी महिला सभा घ्या, तिथे पाण्याचा विषय निघाला की दोन्ही पॅनेलच्या पुढाऱ्यांच्या माना खाली जातात. आणि स्वउत्पन्नातले, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या कमाईतले, मागासवर्गीयांचे 15 टक्के, महिला बालकल्याणाचे 10 आणि दिव्यांगांचे 5 टक्के याला देवाणघेवाणीत हात लावायचा नाही, ते कुठल्याच पॅनेलचे पैसे नाहीत.

विरोधकांशी बसलं की कार्यकर्ते नाराज होतात, गद्दार म्हणतात, हे होणारच. त्यांना सांगा की आपल्याच राज्यात 1972 च्या दुष्काळात वि. स. पाग्यांची रोजगार हमी उभी राहिली आणि पुढे 1977 ला तिचा कायदा झाला तेव्हा काँग्रेसबरोबर विरोधातले लोकही तिच्या मागे होते, म्हणून शेकापवाला काँग्रेसवाला झाला नाही. तुम्हीही टीका सोडू नका. बिल जास्त वाटलं तर सभेत विचारा, माहिती मागा, विरोध नोंदवा. फक्त ठरलेलं काम अडवू नका.

हे सगळं निवडणूक जवळ आली की ढिलं पडतं. झेडपीची किंवा विधानसभेची हवा सुरू झाली की वरून फोन येतात, त्यांच्याबरोबर कशाला बसता म्हणून. त्यामुळे ठरलेल्या कामांची तांत्रिक मंजुरी आणि वर्कऑर्डर आचारसंहितेच्या बऱ्याच आधी हातात घ्या, एकदा खडी पडली की कुणाच्या फोनने काम थांबत नाही.