जेवणघराला एक साल द्या

आमच्या पार्ल्यातल्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं आणि महिन्याभरात जिन्यातून फर्निचरची वरात सुरू झाली. एके दिवशी मी भाजीची पिशवी घेऊन वर चढत होते आणि समोरच्या विंगमधल्या आजींचं सागवानी डायनिंग टेबल, चार खुर्च्यांसकट, भंगारवाल्याच्या पोराच्या खांद्यावरून खाली चाललं होतं. जिन्यातच सौदा केला. त्याने आजींना जे दिले होते त्याच्या दुप्पट मी दिले, आणि दोघंही खूश झालो.

तेव्हा जुन्या काळचं जेवणघर सजवायचं असेल तर पहिला सल्ला हाच. दादर, माटुंगा, पार्ले, पुण्यात एरंडवणे, जिथे जिथे पन्नास-साठच्या दशकातल्या इमारती पडतायत तिथल्या वॉचमनशी ओळख ठेवा. तिथे नाही मिळालं तर मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट (शुक्रवारी दुकानं बंद), जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. फक्त जायच्या आधी एक गोष्ट ठरवून जा: साल, म्हणजे जेवणघर नेमकं कोणत्या वर्षातलं दिसायला हवं ते.

नव्या फ्लॅटचं जेवणघर ‘मिड-सेंच्युरी’, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या धर्तीचं, करायचं म्हटल्यावर लेकीने फोनवर फोटो दाखवायला सुरुवात केली. एका पायावर उभं पांढरं गोल टेबल, त्याभोवती डॅनिश खुर्च्या, वर थरांचा दिवा. सुंदरच. ते टेबल ईरो सारिनेन या डिझायनरचं, 1957 चं. खुर्ची हान्स वेग्नर या डॅनिश डिझायनरने 1949 साली काढलेली. दिवा पॉल हेनिंगसेनचा, तोही डॅनिशच, 1958 चा. सालं बरोबर आहेत, पण घर कुणाचं? पार्ल्यात रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी करणाऱ्या माझ्या बाबांच्या घरी यातलं काहीच येणं शक्य नव्हतं. कोपनहेगनचं जेवणघर करायचं असेल तर खुशाल करा, पण मग पूर्ण तिथलं करा. मी ठरवलं, आपलं 1962 चं. त्या साली आमची इमारत राहायला तयार झाली.

साल ठरलं की निम्मी कामं आपोआप होतात. विविध भारती 1957 ला सुरू झाली, म्हणजे कोपऱ्यात व्हॉल्व्हचा रेडिओ चालेल. मुंबईत टीव्ही आला 1972 मध्ये, म्हणजे जेवताना टीव्ही नाही (यावर घरात अजून वाद चालू आहे). कालनिर्णय 1973 चं. तेही भिंतीवरून उतरलं आणि फ्रिजच्या बाजूला गेलं. फ्रिज तेवढा स्वयंपाकघरात लपवला, त्याबाबत मी अप्रामाणिक आहे.

आपल्याकडे त्या काळात नवं वारं नव्हतं असं नाही. चंडीगढमध्ये पिएर जान्रे हा स्विस आर्किटेक्ट सागवान आणि वेताच्या खुर्च्या बनवून घेत होता. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्याने 1958 साली सरकारला अहवाल दिला, तीन वर्षांनी अहमदाबादला एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात कौतुक केलंय ते लोट्याचं! घरांत मात्र हे वारं सुताराच्या रंध्यातून आलं. बाबांनी ऑफिसातल्या एका परदेशी मासिकातलं चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलं, सुतार महिनाभर गॅलरीत बसला आणि टेबलाचे पाय खाली निमुळते, जरा बाहेर झुकलेले, टोकाला पितळी टोप्या असे करून दिले. आजींच्या टेबलाचे पायही अगदी तसेच. बहुधा ट्रेसिंग शेजारीपाजारी फिरलं असावं.

चंडीगढच्या खुर्चीबद्दल सावध करते. हल्ली तिच्या नकला गल्लोगल्ली मिळतात. मुळातल्या खुर्च्यांवर सरकारी खात्याची अक्षरं स्टेन्सिलने रंगवलेली असतात, पण आता नकलांवरही रंगवतात. ती सरकारी कचेरीची खुर्ची आहे, जेवणघरात आणायची तर हौस म्हणून आणा. तीच गोष्ट इराण्याच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीची. थोनेट या युरोपातल्या खुर्च्या बनवणाऱ्याची ती घडण 1859 ची, म्हणजे 1962 सालीही ती शंभरी ओलांडलेली होती. शिवाय ती बघितली की ब्रून मस्का आठवतो, वरणभात नाही.

आता टेबल. दुकानात वरून बघू नका, खाली वाका. तळाला हातकरवतीचे वेडेवाकडे ओरखडे, एका सरळ खाचेचे स्क्रू, पट्टीच्या खाचेत बसवलेलं कुसू (लाकडाचंच कोरलेलं टोक) दिसलं तर टेबल जुनं असायचा संभव बराच. सगळे स्क्रू चौफुलीच्या खाचेचे असतील तर भाव निम्मा करा. न दिसणाऱ्या जागी नखाने खरवडा. सागाला किंचित तेलकट, चामड्यासारखा वास येतो. विकणारा ‘ब्रह्मी साग आहे’ म्हणेलच, तुम्ही बल्लारशाचा, म्हणजे आपल्या चंद्रपूरकडचा, समजून भाव करा.

मापं इंचात ठेवा, कारण टेबल इंचातच बनलंय. उंची 29 ते 30 इंच, खुर्चीची बैठक 17 ते 18. माणशी 24 इंच रुंदी लागते. त्या काळची टेबलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा लहान, आमचं चार फूट बाय अडीच आहे. त्याची एक लांब बाजू भिंतीला चिकटवायची आणि पाहुणे आले की ओढून मधे घ्यायची, हीच त्या घरांची रीत. खोलीच्या मधोमध टेबल आणि चहूकडे मोकळी जागा हे 1962 च्या पार्ल्यात कुणाला परवडत होतं? खुर्ची मागे ओढायला मात्र 36 इंच सोडा.

पॉलिशच्या बाबतीत मी ठेच खाल्ली. एका खुर्चीचं काम मी ओळखीच्या एका मिस्त्रीकडे दिलं आणि ती मेलामाइन या कृत्रिम पॉलिशचा चकचकीत थर लेवून परत आली, जणू प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती. जुन्या फर्निचरवर बहुतेक वेळा लाखेचं पॉलिश असतं. तपासायला कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून आतल्या बाजूला घासा. पॉलिश विरघळून बोळा तपकिरी चिकट झाला तर लाख. मग सगळं खरवडायची गरज नाही. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मळ पुसा, पूर्ण वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा आणि चपडी लाख (पातळ पापुद्र्यांची) स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीच्या बोळ्याने पातळ हात द्या. चार, पाच, सहा, पण पातळ. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत लाखेवर पांढरट साय धरते. शेवटी मेण.

लाख उष्णतेला आणि दारूला भिते. गरम कुकर थेट टेबलावर ठेवला की पांढरं कडं उमटतं. स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा कड्यावरून विमान उतरून लगेच उडावं तसा फिरवला तर बऱ्याचदा कडं जातं. थांबलात तर पॉलिशच निघेल. म्हणूनच तर त्या काळी प्रत्येक टेबलावर फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलेलं असायचं! लेक म्हणाली, ‘आई, एवढं घासलंस ते झाकायला?’ तर होय. रोज प्लास्टिक, पाहुणे आले की काढायचं. आई नेमकं उलटं करायची, पाहुण्यांसाठी नवं प्लास्टिक.

खुर्च्यांचा वेत सैल पडला असेल, तुटला नसेल, तर खुर्ची उलटी करून जाळीवर खालच्या बाजूने गरम पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवा आणि सावलीत वाळू द्या. वेत आखडून ताठ होतो. उन्हात ठेवलात तर तडकतो. काड्या तुटल्या असतील तर विणणाऱ्याकडेच द्या आणि भोकांतून ओवून हातानेच विणायला सांगा. तयार जाळी खाचेत ठोकून बसवण्याचं काम स्वस्तात होतं, पण चौकटीला भोकं असलेल्या जुन्या खुर्चीवर ते लगेच ओळखू येतं.

फरशीचं बिल्डरशी आधीच बोला. मोझॅकच्या लाद्या अजून मिळतात, पण त्या पाऊण इंचाच्या आसपास जाड असतात आणि बसवल्यावर मशीनने घासून पॉलिश कराव्या लागतात. त्याचा चिखल सगळ्या घरभर होतो. सामान यायच्या आधी करा, नाहीतर नाद सोडा. मी सोडला. टेबलाखाली गालिचा मात्र घालू नका. आमटी सांडणाऱ्या घरात तो तेव्हाही नव्हता.

भिंतीला पिस्ता रंगाचं, चमक नसलेलं डिस्टेंपर आणि खालच्या तीन फुटांना ऑइलपेंटचा पट्टा. मुलांचे खरकटे हात तिथेच लागतात, पट्टा पुसता येतो. दिवा दुधी काचेच्या छत्रीचा, टेबलापासून 30 इंच वर, बल्ब 2700 केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा. पंखा टेबलाच्या बरोबर वर ठेवलात तर दिवा झुलतो आणि भात गार होतो. बेकलाइटची (जुन्या काळच्या टणक प्लास्टिकची) काळी गोल बटणं चोरबाजारातून आणून मिरवा, पण आतली वायर नवी, अर्थिंगसह घाला. तिथे प्रामाणिकपणा नको.

कडेला जाळीचं कपाट. त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. वरच्या फळीवर पाहुण्यांचा चिनी मातीचा सेट, रोजची ताटं पितळी किंवा स्टीलची. टेबलावर लोणच्याची बरणी आणि तांब्या-भांडं एवढंच. फळांची परडी फोटोत बरी दिसते.

आणि दोन पाट. टेबल आलं तरी माझी आजी त्यावर कधी जेवली नाही, बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर तिचा पाट असायचा. पाट भिंतीला टेकवून उभे ठेवा, खाली पायपुसण्याचा तुकडा घाला. गुळगुळीत टाइल्सवर ते घसरतात आणि रात्री दोन वाजता धाडकन आवाज होतो. आमच्याकडे दोनदा झालाय, खालचे जोशीकाका वर आले होते.