फाइल उघडण्याआधी व्हर्जन बघा: ॲनिमेशन मालिकेतला माझा पहिला मोठा रिटेक

तुम्ही पोझिंग, स्पेसिंग, लिपसिंक शिकूनच आला असाल, त्यामुळे अगदी मुळापासून सुरुवात करत नाही. मालिकेत नवा माणूस चित्र काढता येत नाही म्हणून सहसा अडकत नाही. मी अडकले ती ॲनिमॅटिकच्या, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासोबत वेळेत बसवून केलेल्या कच्च्या व्हिडिओच्या, व्हर्जनमध्ये, आणि तीन दिवसांचं काम पाण्यात गेलं. शॉट दुरुस्तीला परत आला, म्हणजे रिटेक. म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितेय.

शॉट ९६ फ्रेम्सचा होता, म्हणजे सेकंदाला २४ या हिशोबाने चार सेकंद. एक म्हातारी पेटीच्या कडीवर हात ठेवते, थबकते, कडीवरून एक बोट उचलते आणि मागे वळून म्हणते, "थांब." तो थबकण्याचा क्षण मला फार आवडला होता. पापण्या अर्ध्यावर आणल्या, खांद्यात श्वास घातला, बोट उचलायच्या आधी किंचित दाबलं. सर्व्हर हळू चालायचा म्हणून पहिल्याच दिवशी ॲनिमॅटिक आणि आवाजाची फाइल माझ्या मशीनवर कॉपी करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी नवं व्हर्जन आलं. त्यात थबकणं छाटलं होतं आणि माझा शॉट ७८ फ्रेम्सचा झाला होता. तसा मेलही आला होता. मी शॉटमध्ये इतकी बुडाले होते की तो उघडलाच नाही.

एडिटमध्ये शॉट लागला तेव्हा "थांब" ऐकू येऊन गेलं, म्हातारीचं तोंड नंतर हललं, आणि ती पुरती वळायच्या आत शॉट संपला.

मग १८ फ्रेम्स कापून टाक, त्यात काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेच वाटलं होतं. पात्र अगदी स्थिर उभं असेल तर होल्डमधून, म्हणजे पोझ धरून ठेवलेल्या भागातून, फ्रेम्स सहज काढता येतात. पण माझ्या होल्डमध्ये श्वास चालू होता, त्या श्वासातूनच बोट उचललं जात होतं आणि बोटाच्या जोरावर मान वळत होती. मधला तुकडा काढला की मान उगाचच वळल्यासारखी दिसायची. मग सगळ्या कीफ्रेम्स, म्हणजे टाइमलाइनवर मुख्य पोझ जिथे ठरवलेल्या असतात त्या जागा, निवडून टाइमलाइन दाबली आणि ७८मध्ये बसवली. हे तुम्ही कधीही करू नका. कीफ्रेम्स दोन फ्रेम्सच्या मधेच कुठेतरी जाऊन पडल्या. टूजवर केलेलं काम, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम्स टिकणारं, ते कुठे एक फ्रेम टिकू लागलं, कुठे दोन. हात थरथरायला लागला. त्यात पुढचा शॉट करणाऱ्याने हुकअप, म्हणजे दोन शॉट्समधला पोझचा जोड, माझ्या शेवटच्या पोझवरून घेतला होता. म्हणजे माझ्यामुळे त्याच्याही माथी रिटेक.

लॉक झालेलं, म्हणजे पक्कं ठरलेलं ॲनिमॅटिक बदलतंच का, याचा मला तेव्हा राग यायचा. कारण साधं आहे. अकरा मिनिटांचा एपिसोड म्हणजे २४च्या हिशोबाने १५,८४० फ्रेम्स. प्रसारणाची वेळ ठरलेली असते. एपिसोड सहा सेकंदांनी लांबला तर ते सहा सेकंद कुठल्या ना कुठल्या शॉट्समधूनच निघणार. कधी संवाद पुन्हा रेकॉर्ड होतो, कधी चॅनलकडून सूचना येते. तुमच्या शॉटवर कोणाचा डूख नसतो.

आता मी रोज फाइल उघडण्याआधी तीन गोष्टी बघते: शॉट लिस्टमध्ये ॲनिमॅटिकचं कितवं व्हर्जन लिहिलंय, माझ्या शॉटच्या एकूण फ्रेम्स तेवढ्याच आहेत का, आणि टाइमलाइनवरचा आवाज प्रोजेक्टच्या फोल्डरमधूनच आलाय का. प्रोजेक्ट सेकंदाला २४ फ्रेम्सचं आहे की २५चं हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. स्वतःच्या मशीनवर कॉपी ठेवायचीच असेल तर रोज सकाळी ती पुसून नवी घ्या. शंका आली की प्रॉडक्शन कोऑर्डिनेटरला विचारा, तेही लिहून. नवी मुलं कोऑर्डिनेटरला डेडलाइनचा तगादा लावणारी व्यक्ती समजतात, पण आज नेमकं काय बदललंय हे सगळ्यात आधी तिलाच कळतं.

शॉर्टकटला माझा विरोध नाही. टीव्ही ॲनिमेशन त्यावरच उभं आहे. हॅना-बार्बेरा या अमेरिकन स्टुडिओने योगी बेअर या कार्टून अस्वलाला कॉलर आणि टाय दिला तो मानेचा जोड झाकायला, म्हणजे धड तसंच ठेवून नुसतं डोकं हलवता यायचं. १९६३ साली जपानमध्ये ओसामू तेझुकांच्या स्टुडिओने 'ॲस्ट्रो बॉय' या टीव्ही मालिकेसाठी काढलेली चित्रं जपून ठेवून पुढच्या भागांत पुन्हा वापरली. तेव्हा लायब्ररीतली चाल किंवा तोंडाचे आकार वापरायला लाजू नका. शॉर्टकट चित्रात घ्या, फाइलींच्या शिस्तीत नको.

मेंटॉरबद्दलही माझं मत पक्कं आहे. तुमच्या पोझवर स्वतः रेघ ओढून दाखवणारा माणूस सोडू नका. "अजून जीव ओत" एवढंच म्हणणाऱ्याकडून शिकण्यासारखं फार नसतं, मग तो कितीही मोठा असो. मला सीनियरने शेजारी बसवून विचारलं, "यातलं एकच ठेवायचं तर काय ठेवशील?" मी म्हटलं, बोट. पापण्या गेल्या, खांद्यातला श्वास गेला. ब्लॉकिंग, म्हणजे फक्त मुख्य पोझचा कच्चा आराखडा, पुन्हा केलं, आधी ते पास करून घेतलं आणि दीड दिवसात शॉट झाला.

त्या आठवड्यात मला वाटत होतं, आता काढून टाकतील. तसं काही झालं नाही. रिटेक सगळ्यांनाच येतात, सीनियरच्या नावावरही रिटेकच्या यादीत शॉट होते. मात्र एकाच कारणाने तिसऱ्यांदा रिटेक आला की लोक कठीण शॉट तुमच्याकडे द्यायचं बंद करतात, हेही खरं.

माझ्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओत, तो ७८ फ्रेम्सचाच शॉट आहे. ९६चा मी जपून ठेवलाय, पण मुलाखतीत थांबवून पुन्हा लावायला सांगतात ते कडीवरचं बोट उचललं जातं तिथेच.