वैमानिकांच्या दोन ज्येष्ठता याद्या एक करताना या चुका टाळा

कोणतं विमान, डावी सीट (कॅप्टनची) की उजवी (फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची), कोणता बेस (ज्या शहरातून ड्युटी सुरू होते ते), दिवाळीत सुट्टी मिळणार का, मंदी आली तर आधी घरी कोण जाणार: वैमानिकाच्या बाबतीत हे सगळं ज्येष्ठता क्रमांक ठरवतो. म्हणून एका कंपनीने दुसरी विकत घेतली की दोन याद्यांची एक यादी करताना झालेली चूक माणसाला निवृत्तीपर्यंत भोगावी लागते.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे फक्त रुजू होण्याची तारीख धरणं. वरवर ते सरळ वाटतं, पण 2005 मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या अमेरिकी विमान कंपन्या एकत्र आल्या तेव्हा काय झालं ते पाहा. यूएस एअरवेजचे शेकडो वैमानिक कपातीमुळे घरी बसलेले होते आणि कामावर असलेल्यांतले तळाचेही बरेच जुने होते. अमेरिका वेस्टचे वैमानिक नोकरीत नवे होते, पण कामावर होते. तारीख धरली असती तर घरी बसलेला माणूस उडणाऱ्या कॅप्टनच्या वर आला असता. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी मे 2007 मध्ये यूएस एअरवेजचे 517 वैमानिक सर्वात वर ठेवले, कामावरच्या बाकीच्यांना प्रमाणात मिसळलं आणि कपातीतल्यांना तळाशी नेलं. संख्येने जास्त असलेल्या यूएस एअरवेजच्या वैमानिकांना ते पटलं नाही. त्यांनी 2008 मध्ये युनियनच बदलली, प्रकरण कोर्टात गेलं आणि दोन्ही गट वर्षानुवर्षं वेगवेगळ्या याद्यांवर उडत राहिले.

याच्या उलट चूक म्हणजे विकत घेतलेल्या कंपनीची यादी आपल्या यादीच्या शेवटी चिकटवणं. 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी घेतली आणि तिथल्या निम्म्याहून जास्त वैमानिकांना तळाशी टाकलं. सप्टेंबर 2001 नंतर कपात आली तेव्हा आधी तेच घरी गेले. त्यातूनच 2007 च्या अखेरीस अमेरिकेत मॅकॅस्किल-बाँड कायदा झाला आणि याद्या न्याय्य पद्धतीने जोडणं बंधनकारक झालं.

मधला मार्ग म्हणून कुणी सरसकट टक्केवारी लावतं. तीही फसते. समजा, ‘अ’ कंपनीत 600 वैमानिक आहेत: 60 वाइडबॉडी (लांब पल्ल्याची मोठी विमानं) कॅप्टन, 200 नॅरोबॉडी (एकाच मार्गिकेची लहान विमानं) कॅप्टन, बाकी फर्स्ट ऑफिसर. ‘ब’ कंपनीत 300, त्यातले 150 नॅरोबॉडी कॅप्टन, वाइडबॉडी एकही नाही. सरळ 2:1 मिसळलं तर ‘ब’चा पहिला माणूस तिसऱ्या क्रमांकावर येतो. ज्या विमानाच्या जागा त्याच्या कंपनीने कधी आणल्याच नाहीत, त्यांवर त्याचा हक्क तयार होतो. त्याऐवजी आधी ‘अ’चे 60 ठेवा, मग नॅरोबॉडी कॅप्टन 4:3 ने मिसळा. आता ‘ब’चा पहिला साठाव्या क्रमांकानंतर लगेच येतो. वाइडबॉडीचा फर्स्ट ऑफिसर नॅरोबॉडी कॅप्टनच्या वर की खाली, हे दोन्हीकडचे पगाराचे दर पाहून आधीच लेखी ठरवा.

इथे एक बारीक खाच आहे. कोण आज कुठल्या सीटवर बसलाय ते मोजू नका, जागा मोजा. घराजवळचा बेस किंवा चांगलं रोस्टर मिळावं म्हणून कित्येक ज्येष्ठ वैमानिक कॅप्टनपद मागतच नाहीत. प्रत्येक गटातल्या एकूण जागा काढा आणि यादीच्या वरून खाली भरत या. कोणत्याही कंपनीचा अंतर्गत क्रम मात्र इकडचा तिकडे होता कामा नये.

निवृत्ती विसरणं ही चूक लगेच दिसत नाही. ‘अ’चे बहुतेक ज्येष्ठ येत्या 5 वर्षांत 65 चे होणार असतील आणि ‘ब’चे सगळे चाळिशीत असतील, तर रिकाम्या होणाऱ्या जागा ‘अ’च्या कनिष्ठांच्या भविष्याचा भाग होत्या. यादी ठरवण्यापूर्वी 5, 10 आणि 15 वर्षांचा हिशेब चालवा. प्रत्येक वैमानिक स्वतंत्र कंपनीत कुठे पोहोचला असता आणि एकत्र यादीत कुठे पोहोचतो, हे दोन रकाने शेजारी ठेवा. एकाच वयोगटातले सगळे घसरत असतील तर प्रमाण चुकलंय.

आकडेवारी कोणत्या तारखेची, हे पहिल्याच बैठकीत गोठवा. विलीनीकरण जाहीर झाल्यावर घाईने दिलेल्या बढत्या आणि नव्या भरत्या त्यात येऊ देऊ नका. जन्मतारीख, रुजू तारीख, कपातीचा काळ, बिनपगारी रजा, आजची जागा ही माहिती प्रत्येकाकडून तपासून घ्या. एका फाइलमध्ये दिवस आधी आणि दुसरीत महिना आधी असला की 03/07 चा गोंधळ शेकडो ओळींत शिरतो. महिना अक्षरी लिहा.

आणि यादी लागू होणं संयुक्त करारावर, म्हणजे दोन्ही गटांच्या पगार-अटींच्या एकत्र करारावर, टांगून ठेवू नका. यूएस एअरवेजमध्ये खरी गाठ तिथेच बसली: एकत्र करार झाल्याशिवाय यादी लागू होणार नव्हती, मग नाराज गटाने करारच होऊ दिला नाही. डेल्टा आणि नॉर्थवेस्टमध्ये 2008 साली वैमानिकांचा संयुक्त करार विलीनीकरण पूर्ण होण्याआधीच मंजूर झाला होता आणि यादीचा निकाल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला. आपल्याकडे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एक झाल्या, पण बोइंग 787 चं प्रशिक्षण कोणाला यावरून 2012 मध्ये 58 दिवसांचा संप झाला. नवं विमान कोणाच्या वाट्याचं, हे ते धावपट्टीवर उतरण्याआधी लिहून ठेवायचं असतं.

त्यासाठी संरक्षक अटी लागतात. नवी यादी आली म्हणून कुणाचीही सध्याची जागा जाणार नाही, ही पहिली अट. ठरावीक विमानं काही वर्षं मूळ कंपनीच्या वैमानिकांसाठीच राखीव, ही दुसरी. तिला शेवटची तारीख हवीच. आणि ती विमानं मुदतीपूर्वी ताफ्यातून गेली, तर राखीव जागा त्यांच्या जागी आलेल्या विमानावर जातील की संपतील, हेही त्याच कलमात लिहा.