वस्तीतली नाली: आधी नळीने उतार मोजा, मग कुदळ मारा

नागपूरच्या वस्त्यांमध्ये नवी नाली बांधून दोन पावसाळे होत नाहीत तोच ती तुंबते. दोष खर्रा-पन्नीवर, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या प्लास्टिकवर, ढकलला जातो, आणि तो थोडा खराही आहे. पण पन्नी अडकते ती पाणी साचतं तिथे, आणि पाणी साचतं ते उतार चुकल्यामुळे. गल्लीतल्या चार जणांनी एक सकाळ घालवली तर हा उतार नालीसाठी अर्ज करायच्या आधीच कळतो.

लागते ती पारदर्शक प्लास्टिकची नळी: १० ते १२ मिमी व्यासाची, २० मीटर लांब. सोबत सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या दोन सरळ काठ्या. नळीत पाणी भरताना हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर आकडे खोटे येतात. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका उंचीवर येतं का, ते आधी बघा. मग नळीचं एकेक टोक एकेका काठीला लावून एक काठी गल्लीच्या वरच्या टोकाला उभी करा, दुसरी पुढे. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखीच असते, म्हणून ज्या काठीवर पाण्याचा आकडा जास्त, तिथली जमीन खोल. दर ५ मीटरवर खूण करून आकडे वहीत लिहा.

सगळ्यात महत्त्वाचं माप मात्र गल्लीत नसतं. ते असतं जिथे आपली नाली मोठ्या नाल्यात पडते तिथे. ४० मीटरच्या गल्लीत १५० मीटरला १ मीटर असा उतार धरला तर शेवटपर्यंत २७ सेंमी खाली जावं लागतं. वरच्या टोकाला नाली २५ सेंमी खोल असेल आणि गल्लीची जमीन सपाट असेल, तर खाली ती ५२ सेंमी होते. एवढ्या खोलीवरही नालीचा तळ मोठ्या नाल्यातल्या गाळाच्या वर किमान १५ सेंमी राहिला पाहिजे. राहत नसेल तर दुसऱ्या टोकाकडून पाणी काढता येतं का ते मोजा. २०० मीटरला १ मीटर उतारही चालतो, पण त्याहून कमी झाला की गाळ बसतोच. नाग नदीकाठच्या वस्त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नदीकाठी पाणी शिरलं, तसा दिवस उगवला तर गल्लीची नाली उलटी वाहते. म्हणून तिचं तोंड नाल्याच्या तळाला लावू नका, आणि जमलं तर तिथे बाहेर उघडणारी झडप बसवा.

आता बांधकाम. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बेड (नालीखालचा काँक्रीटचा थर) टाकला तर तो पहिल्याच वर्षी तडकतो. त्यामुळे १५ सेंमी मुरूम ओला करून ठोकून बसवा, वर १० सेंमी काँक्रीट १:३:६ (सिमेंट, रेती, गिट्टी). म्हणजे खोदकाम नालीच्या खोलीपेक्षा २५ सेंमी जास्त. नालीची आतली रुंदी ३० सेंमी पुरे. खोली ४५ सेंमीपर्यंत असेल तिथे १० सेंमीची भिंत चालते. नाली त्याहून खोल असेल तिथे २३ सेंमीची बांधा, नाहीतर फुगलेली माती ती आत ढकलते. वरच्या ४० मीटरच्या हिशोबाने बेडसाठी सिमेंटची १२ पोती, अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) रेती, ०.९ ब्रास गिट्टी, आणि भिंतींसाठी तुटफूट धरून फ्लाय अ‍ॅशच्या सुमारे २,१०० विटा. विटांच्या जुडाईचा आणि प्लास्टरचा माल वेगळा.

तळ सपाट ठेवू नका. प्लास्टर करताना दोन्ही कोपरे गोलाकार भरा, म्हणजे थोडं पाणीही मधून वाहत राहतं आणि गाळ ओढून नेतं. मिस्त्री कंटाळा करतात तो इथेच. दर १५ मीटरवर ४५ बाय ४५ सेंमीचं गाळ चेंबर घ्या, त्याचा तळ नालीच्या तळाहून २० सेंमी खोल. वर झाकणं ठेवायची ती ४५ सेंमी लांबीची, सुटी, कडी लावलेली. दोघांना उचलता येतात. जागेवरच काँक्रीट ओतून नाली बंद केली तर ती पुन्हा कधी साफ होत नाही.

काम मे महिन्यात असेल तर ओतकाम सकाळी आठच्या आत संपवा आणि भिजलेली पोती टाकून दहा दिवस पाणी मारा. पंचेचाळीस अंशात एक दुपार चुकली तरी प्लास्टर भुकटी होतं. मान्सून जूनच्या मध्यावर येतो, म्हणून खोदकाम एप्रिलपर्यंत सुरू झालेलं बरं.

खोदताना घरोघरचे नळाचे पाईप दिसतील, बरेचसे नालीतूनच गेलेले. नळाचा पुरवठा थांबल्यावर पाईपमधला दाब जातो आणि सांध्यातून नालीचं पाणी आत शिरतं. वस्तीत जुलाब पसरायचं हे जुनं कारण. हे पाईप नालीच्या वरून किंवा जाड प्लास्टिकच्या बाहेरच्या पाईपातून न्या; नालीत सांधा एकही नको. संशय आला तर शेवटच्या घराच्या नळाचं पाणी क्लोरीनसाठी तपासायला सांगा, ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) तरी निघायला हवं. संडासाचं पाणीही या नालीत नको. ते गडर लाईनला, म्हणजे जमिनीखालच्या मलवाहिनीला.

कागदाचं काम बांधकामाआधीच सुरू होतं. जमीन मनपाची, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास), नझूलची (शहरातली सरकारी जमीन), रेल्वेची की सरकारी नोंदीतल्या झुडपी जंगलाची, ते आधी शोधा. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज वर्ष खातो. मनपाच्या झोन कार्यालयाच्या अर्जाला तुमच्या मापांचा हाती काढलेला नकाशा आणि गल्लीचे फोटो जोडा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. काम झाल्यावर माहिती अधिकारात, १० रुपये शुल्क भरून, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. मग तीच नळी पुन्हा काढा आणि आकडे जुळवून बघा.

चेंबरांची वाटणी दहा-दहा घरांत करा. जूनच्या आधी एकदा, पोळ्याच्या सुमारास एकदा, आणि मध्ये दर पंधरवड्याला नुसती नजर. काढलेला गाळ एक-दोन दिवस वाळवून लगेच उचला. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या सरीबरोबर परत आत जातो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने काढलेली मारबत कितीही इडापिडा घेऊन जावो. हातमोजे आणि गमबूट हवेतच. आणि गडरच्या चेंबरात कोणालाही उतरवू नका: २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे, आत विषारी वायू असतो, आणि बाहेर काढायला उतरलेला दुसराही वाचत नाही. तिथे मनपाचं मशीनच बोलवायचं.