जावा स्विंगमध्ये विंडोतील घटकांची जागा स्वतः ठरवताना

गिरगावातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेला देखभाल शुल्काच्या पावत्यांसाठी छोटा प्रोग्रॅम करून द्यायचा असेल, तर पडद्यावरचा नमुना छापील पावतीपुस्तकासारखाच असावा, असा सचिवांचा आग्रह असू शकतो. अशा ठरावीक मापाच्या विंडोसाठी स्विंगमधील, म्हणजे जावा भाषेतील विंडो बनवण्याच्या संचातील, लेआउट मॅनेजर (घटकांची जागा आपोआप ठरवणारी सोय) बाजूला ठेवून लेबल, बटण अशा प्रत्येक घटकाची जागा आपणच ठरवणे योग्य ठरते; ज्या विंडोचा आकार वापरणारा लहानमोठा करणार आहे, तिथे मात्र हा मार्ग धरू नये.

प्रथम जेपॅनेल, म्हणजे घटक ठेवण्याचा फलक, तयार करून त्याच्या सेटलेआउट या मेथडला (आज्ञेला) नल, म्हणजे ‘काहीच नाही’, द्यावे. त्यानंतर प्रत्येक घटकाला सेटबाउंड्सने पिक्सेलमध्ये चार आकडे द्यावे लागतात: डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी आणि उंची. मोजणी पॅनेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते व उभे अंतर खाली वाढत जाते. ‘पावती क्रमांक’ हे लेबल वरून 20 वर ठेवले आणि ओळींमधील अंतर 36 धरले, तर ‘सदनिका क्रमांक’ 56 वर येईल. हे 36 प्रत्येक ओळीत न लिहिता एका चलात ठेवावे, कारण सचिव मधेच ‘सिंकिंग फंड’ची (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीच्या निधीची) ओळ वाढवायला सांगतात.

खरी कसोटी रुंदीची. ‘थकबाकीवरील व्याज’ हे लेबल अंदाजाने दिलेल्या रुंदीत मावले नाही, तर त्याचे शेपूट कापून स्विंग तिथे तीन टिंबे दाखवते. म्हणून आधी फॉन्ट ठरवावा, मग प्रत्येक लेबलाला गेटप्रेफर्डसाइझ या मेथडने त्याला लागणारे माप विचारावे, त्यांतील सर्वांत मोठी रुंदी घ्यावी आणि सगळ्या टेक्स्टफील्ड (मजकूर भरायच्या चौकटी) तिच्यापुढे 10 पिक्सेल सोडून सुरू कराव्यात. उंचीही याच मेथडकडून घ्यावी. इंग्रजी मजकुरासाठी बेताने ठरवलेल्या उंचीत देवनागरीचे रफार आणि उकार छाटले जाण्याचा धोका असतो. निर्मला यूआय हा फॉन्ट विंडोज 8 पासून सोबत येतो, पण कार्यालयातील संगणक त्याहून जुना असेल तर दुसराच फॉन्ट लागू होऊन मापे बदलतील. आकडे कोडमध्ये गोठवू नयेत ते याचसाठी.

जेफ्रेमला, म्हणजे मुख्य विंडोला, सेटसाइझने दिलेल्या मापात शीर्षकपट्टी आणि कडाही धरल्या जातात, त्यामुळे तळाचे ‘छापा’ बटण अर्धे झाकले जाते. त्याऐवजी पॅनेललाच सेटप्रेफर्डसाइझ द्यावे, ते कंटेंटपेन (विंडोचा आतला भाग) म्हणून बसवावे, विंडोचा आकार बदलता येऊ नये म्हणून सेटरिसायझेबलला फॉल्स द्यावे आणि शेवटी विंडो आतल्या मापाएवढी करणारे पॅक बोलवावे. पॅनेलला माप न देता पॅक केल्यास जवळजवळ शीर्षकपट्टीच तेवढी उरते.

एका ओळीतील टेक्स्टफील्डचे वरून अंतर तंतोतंत सारखे ठेवावे, कारण स्विंगमध्ये टॅब कळीचा क्रम मुळात घटकांच्या जागेवरूनच ठरतो. विंडो चालू असताना नवा घटक जोडल्यास विंडो पुन्हा रंगवणारे रिपेंटही बोलवावे लागते.