पानं पिवळी पडली की खत टाकू नका, आधी पाणी बघा: कुंडीवाल्यांनो, या चुका टाळा

मागच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, आमच्या गच्चीवरची लाल जास्वंद गेली. एका दिवसात नाही गेली, आधी शेंड्याची नवी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच्या हिरव्या, पानावर कोणी जाळी काढल्यासारखं दिसत होतं. मी काय केलं तर १९:१९:१९ टाकलं, म्हणजे नायट्रोजन, स्फुरद, पोटॅश सारखं असलेलं विद्राव्य खत. आठ दिवसांत अजून पिवळी. मग नर्सरीवाले भाऊ म्हणाले, "डीएपी द्या ना ताई थोडंसं, भुकेली आहे", तर तेही स्फुरदाचं दाणेदार खत मूठभर टाकलं, वरून शेणखताचा थर, आणि मग पानांच्या कडा करपल्या, कळ्या टपाटप गळाल्या, पाऊस यायच्या आत नुसती काडी उरली. भुकेली नव्हतीच ती. कुंडीत वाढून ठेवलेलं भरपूर होतं, तिला ते गिळताच येत नव्हतं, आणि त्याला कारण आम्ही प्रेमानं घालत असलेलं पाणी.

कुलरचं पाणी कुंडीत

ही चूक सगळ्यात आधी सांगते कारण पैजेवर सांगते, अर्ध्या नागपुरात हेच चालतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, कुलर दिवसरात्र चालू, आणि डेंग्यूच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायची, इथपर्यंत सगळं बरोबर. पण उन्हाळ्यात बादलीभर पाणी फेकायचं जिवावर येतं हो, म्हणून बाबा, म्हणजे माझे सासरे, ते पाणी कुंड्यांना घालायचे. आता बघा, कुलरमधून उडते ती नुसती वाफ, क्षार टाकीतच राहतात, आणि वरून नळाचं जे नवं पाणी येतं ते आपले क्षार घेऊन येतं. शंभर लिटरचं आटून वीस लिटर झालं तर त्यातले क्षार जवळपास पाचपट. त्यातला थोडा चुना कुलरच्या गवतावर पांढरा खडबडीत थर होऊन बसतो, बाकीचा टाकीत. मी शेवटी टीडीएसचा पेन आणला, पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवतो तो, नळाचं पाणी २०० च्या आसपास आणि टाकीतलं १,१०० च्या वर. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडे ५०० पर्यंत चांगलं म्हणतात, आणि मी त्याच्या दुप्पट जास्वंदीला पाजत होते, दर रविवारी. वर कोणी त्यात वाळ्याचं अत्तर टाकतं, कोणी अळ्यांसाठी रॉकेलचे थेंब, ते वेगळंच.

कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी पूड जमलेली दिसली, पानाची टोकं तपकिरी झालेली दिसली, की समजायचं क्षार साचलेत. त्यावर खत टाकलं तर अजून क्षार, कारण रासायनिक खत म्हणजेही क्षारच. माती ओली असूनही झाड मलूल दिसतं ते यामुळेच, मुळांना पाणी ओढता येत नाही.

आरओच्या रिजेक्ट पाण्याचं विचाराल तर ते कुलरइतकं वाईट नाही. घरगुती आरओ बरंच पाणी टाकून देतो म्हणून त्यातले क्षार मूळ पाण्यापेक्षा थोडेच जास्त असतात, घरी कॉर्पोरेशनचा नळ असेल तर चालून जातं, बोअरिंगवर आरओ असेल तर नका घालू. खरं जपायचं ते सॉफ्टनरच्या पाण्याला. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये बोअरिंगला सॉफ्टनर बसवलेला असतो, भांड्यावर डाग पडत नाहीत म्हणून सगळे खूश, पण तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो आणि सोडियम झाडालाही नको, काळ्या मातीलाही नको, माती अजूनच चिकट होते. अशा बिल्डिंगमध्ये सॉफ्टनरच्या आधीचा नळ कुठे आहे ते चौकीदाराला विचारून ठेवा. एसीचं पाणी मात्र बिनधास्त, त्यात क्षार जवळपास नसतातच, फक्त मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी की बादली भरता भरत नाही.

पीएच मोजतात, पण भलत्याच गोष्टीचा

पीएच म्हटलं की शाळेतला लिटमस आठवतो आणि माणूस पुढे वाचत नाही. थोडक्यात सांगते: ० ते १४ ची मोजपट्टी, ७ मध्ये, खाली आम्ल, वर अल्कली, आणि ७ वरून ८ म्हणजे एक पायरी नाही तर दहापट फरक. कुंडीतल्या बहुतेक झाडांना माती ६ ते ७ च्या मधली आवडते, अनंत, इक्झोरा, अझेलिया यांना त्याहून खाली. आपली काळी माती बेसॉल्टपासून झालेली, त्यात बऱ्याचदा चुनखडी, म्हणजे साडेसात-आठच्या घरात. लोह तिच्यात ढिगानं आहे, पण त्या पीएचला ते गंजासारखं घट्ट बसून राहतं, मुळांना मिळत नाही. संत्र्याची बाग असलेल्या कोणालाही विचारा, शिरा हिरव्या आणि पान पिवळं, हे त्यांच्या पाचवीला पुजलेलं.

आता गंमत अशी की लोक पाण्याचा पीएच बघतात, ८ आला की घाबरतात. पण पाण्याचा पीएच एकटा काही सांगत नाही. पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल खाऊन टाकणारा क्षार, किती विरघळलेलं आहे त्यावर सगळं ठरतं. ८ पीएचचं पण हलकं पाणी मातीला फारसं हलवत नाही, आणि साडेसातचं बोअरिंगचं जड पाणी रोज थोडा थोडा चुना टाकल्यासारखं मातीचा पीएच वर ढकलत राहतं. बायकार्बोनेट मोजायला माशांच्या दुकानात केएचचं थेंबवालं किट मिळतं, रंग बदलेपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचे, एक डिग्री म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. "रात्रभर बादलीत ठेवा, पाणी नरम होतं" हे खरं नाही, क्लोरीन उडतो तेवढंच, बोअरिंगच्या पाण्याचा पीएच तर सकाळी उलट थोडा वाढलेला असतो कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो.

मातीचा पीएच बघायचा तर दोन काड्या खुपसायच्या स्वस्त मीटरवर पैसे घालवू नका, माझा कोरड्या मातीत पण ७ आणि लोणच्यात पण ७ दाखवत होता, हो, लोणच्यात खुपसून बघितला मी. एक चमचा माती कुंडीच्या मधून काढा, वरची नको, त्यात अडीच चमचे डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते, ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवा. आणि एक जुनी युक्ती, वाळलेल्या मातीच्या ढेकळावर चार थेंब व्हिनेगर टाका, कान जवळ न्या. फस्स करून बुडबुडे आले म्हणजे चुनखडी आहे.

बुडबुडे आलेल्या मातीत पीएच खाली आणायच्या भानगडीत पडू नका. गंधक टाकतात लोक, ते काम करतं पण मातीतल्या जिवाणूंच्या हातून, महिने लागतात, आणि चुनखडी आहे तोवर बनलेलं आम्ल तिच्यातच खपतं. त्यापेक्षा माती बदला.

घरचे नुसखे

गोडनिंबाला, म्हणजे कढीपत्त्याला, आंबट ताक घालायचं ही तर प्रत्येक घरची रीत, आमच्या शेजारच्या काकू शपथेवर सांगतात. पातळ करून कधीतरी घातलं तर काही बिघडत नाही, पण त्यानं पीएच कायमचा उतरतो असं नाही, आम्ल चार दिवसांत जिवाणू खाऊन टाकतात, मुंग्या आणि वास मात्र राहतो. लिंबू आणि व्हिनेगरचंही तेच, मातीत थेट ओतलं तर मुळं भाजतात. वापरायचंच असेल तर पाण्यात वापरा: दहा लिटरच्या बादलीत लिंबूसत अर्धा छोटा चमचा, ढवळा, पट्टी बघा, साडेसहाच्या आसपास आलं की थांबा. जड पाण्याला थोडं जास्त लागेल, हलक्याला चिमूटही पुरेल, म्हणून डोळे मिटून माप घेऊ नका.

एप्सम सॉल्टनं पीएच उतरत नाही, ते मॅग्नेशियम आहे, मॅग्नेशियम कमी असेल तरच द्यायचं. वापरलेली कॉफी जवळपास न्यूट्रलच असते. गंजलेले खिळे पुरून काही होत नाही, आधीच सांगितलं, लोह कमी नाहीच. अंड्याची टरफलं आपल्या मातीत वर्षभर तशीच सापडतात.

आणि होळीची राख! दुसऱ्या दिवशी कुंड्यांना थोडी थोडी वाटणारे मी बघितलेत, मीही केलंय. राखेत पोटॅश असतं खरं, पण चुनाही असतो, ती माती अजून अल्कली करते. कोकणातल्या लाल मातीला चालेल ते, आपल्याकडे नको.

कोणतं पान पिवळं, ते आधी बघा

खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट, झाड वाढत नाही, तर नायट्रोजन. जुन्या पानात शिरांच्या मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. जुन्या पानाच्या कडा वाळल्या तर पोटॅश कमी किंवा क्षार जास्त, आणि पांढरी पूड असेल तर क्षारच. फक्त शेंड्याची कोवळी पानं जाळीदार पिवळी, तर लोह, कारण झाड जुन्या पानातलं लोह काढून नव्याला देऊ शकत नाही. माझ्या जास्वंदीला हे होतं आणि मी डीएपी टाकलं. डीएपीत स्फुरद ४६ टक्के, जास्तीचं स्फुरद लोह आणि जस्त अजून अडवून धरतं. म्हणजे घसा बसलेल्याला शेव-चिवडा.

लोहाची खूण असेल तर आधी कुंडी धुवा. कुंडीच्या दुप्पट पाणी, दहा लिटरच्या कुंडीला वीस लिटर, एकदम नाही, थांबत थांबत, खालच्या भोकातून वाहू द्या आणि बशीत साचलेलं फेकून द्या. मग चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं. ईडीटीएवालं स्वस्त पडतं, पण साडेसहाच्या वर ते लोह सोडून देतं, आपल्या मातीत पैसे पाण्यात. ईडीडीएचएची पूड गडद तपकिरी, पाण्यात टाकली की पाणी रक्तासारखं लाल होतं, पहिल्यांदा मी दचकलेच. प्रमाण पाकिटावरचंच आणि संध्याकाळी द्या, उन्हानं ते खराब होतं. नाहीतर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत नको, तिथे लगेच अडकतं. फवारणी करा, लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत, ऊन उतरल्यावर. बोअरिंगच्या पाण्यात नुसतं हिराकस टाकून ठेवलं तर थोड्या वेळात पाणी पिवळट-तपकिरी होतं, ते मग कामाचं नाही. टाईल्सवर उडू देऊ नका, डाग जात नाहीत. पिवळी झालेली जुनी पानं हिरवी होतीलच असं नाही, नवीन येणारं पान बघायचं, दोन-तीन आठवड्यांत कळतं.

खत द्यायचं तर १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, माती आधी ओली करून. मे महिन्यात देऊच नका, झाड कसंबसं जीव धरून असतं.

माती भरताना नुसती काळी नको, वाळली की भेगा पडतात आणि पाणी कडेनं निघून जातं, पावसात तीच चिखल. मी आता एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड असं करते. जुलैच्या झडीत कुंड्या दोन-तीन दिवस बाहेर उघड्यावर ठेवते, पावसानं फुकटात क्षार धुतले जातात, पण नंतर आडोशाला घेते, कारण माती सतत चिंब राहिली तर लोहाचं पिवळेपण पुन्हा येतं आणि मुळं सडतात ती वेगळीच.

काकूंकडून फांदी आणून नवी जास्वंद लावली, आता शेंड्याला हिरवीगार आहे. कुलरच्या पाण्यानं अंगण धुतो. बाबा अजून दर रविवारी बादली हातात धरून दोन मिनिटं कुंड्यांकडे बघत उभे राहतात.