कीबोर्डचं कव्हर निवडताना या चुका टाळा

वाजवायच्या कीबोर्डचं कव्हर घ्यायला गेलेला माणूस दुकानात बहुतेक वेळा पहिलं विचारतो, "वॉटरप्रूफ आहे ना?" गडबड तिथूनच सुरू होते. घरातल्या खोलीत कीबोर्डवर पाऊस पडत नाही, धूळ पडते. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवाच ओलसर असते. जे कापड बाहेरचं पाणी अडवतं, ते आत शिरलेली दमट हवाही कोंडून ठेवतं. धूळ खालपर्यंत पोचू नये आणि हवा मात्र खेळती राहावी, एवढीच अपेक्षा कव्हरकडून ठेवायची. तंबोऱ्याची गवसणी पूर्वापार कापडाची असते, प्लॅस्टिकची नाही, हे आठवलं तरी पुरे.

मऊ प्लॅस्टिक

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डायनिंग टेबलवर घालतात ते मऊ, पारदर्शक प्लॅस्टिक कापून कीबोर्डवर टाकणं. हे पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हाळ्यात खोली तापली की ते हळूहळू बाहेर येतं आणि प्लॅस्टिक ज्याला टेकलंय त्यात मुरतं. पट्ट्या, नॉबची रबरी टोपणं, पॅनेलचा रंग, काहीही सुटत नाही. सहा महिन्यांनी कव्हर उचलताना 'चर्र' असा आवाज आला, तर समजा की काम सुरू झालंय. रेक्झिनला आतून कापडाचा थर असेल तर धोका कमी, पण हवा त्यातूनही जात नाही.

पॅराशूट कापड स्वस्त आणि हलकं असल्यामुळे सगळीकडे तेच मिळतं. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात कोरड्या हवेत ते चालून जातं. एक अडचण मात्र आहे. थंडीच्या दिवसांत हे कापड ओढून काढलं की घासून त्यावर स्थिर वीज तयार होते आणि आजूबाजूची धूळ त्याला चिकटते. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी घट्ट विणीचं सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडच घ्यावं.

कापड पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे तळहाताला झुळूक अगदी बेताची लागली पाहिजे. काहीच लागली नाही तर ते कोंडणार, भसाभस लागली तर धूळ गाळून खाली पाठवणार. मग तेच कापड काळ्या शर्टावर पाच-सहा वेळा घासून बघा. शर्टावर पांढरे तंतू दिसले तर ते कापड आवाजाच्या मिक्सरवर घालू नका. फेडरच्या, म्हणजे सरकत्या बटणाच्या, फटीत शिरायला तंतूला धुळीपेक्षा जास्त वेळ लागत नाही. मखमल दिसायला झकास, पण याच कारणासाठी नको.

"६१ पट्ट्यांचं द्या"

पट्ट्यांच्या संख्येवरून कव्हर मागणं म्हणजे फक्त बोटांची संख्या सांगून चप्पल मागण्यासारखं आहे. एका पांढऱ्या पट्टीची रुंदी साधारण २३.५ मिलीमीटर. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर पांढऱ्या ३६ असतात, म्हणजे पट्ट्यांचा भाग जेमतेम ८५ सेंटीमीटर. बाकी सगळा सांगाडा, आणि तो प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने करते. सूर वरखाली वाकवणारं बेंडचं चाक पट्ट्यांच्या डावीकडे असेल तर कीबोर्ड लांब होतो, वर पॅनेलवर असेल तर आखूड राहतो.

८८ पट्ट्यांची दोन मॉडेलं घेऊ. यामाहा पी-४५ ची मापं १३२६ × २९५ × १५४ मिलीमीटर, कॅसिओ सीडीपी-एस१०० ची १३२२ × २३२ × ९९. लांबीत फरक अवघा ४ मिलीमीटर, पण खोलीत ६३ आणि उंचीत ५५. कॅसिओसाठी शिवलेलं कव्हर यामाहावर चढणारच नाही, आणि उलट केलं तर झोळीसारखं लोंबेल. त्या झोळीतच धूळ साचते आणि कव्हर काढताना नेमकी पट्ट्यांवर सांडते.

तयार कव्हर बसत नसेल तर सरळ शिंप्याकडे जा. पी-४५ साठी हिशेब असा: लांबी १३२६ अधिक दोन्ही बाजूंची उंची ३०८, म्हणजे १६३४. खोली २९५ अधिक ३०८, म्हणजे ६०३. दुमडीसाठी दोन्ही मापांत ४० मिलीमीटर धरले की साधारण १६८ बाय ६५ सेंटीमीटरचा तुकडा लागतो. चारही कोपरे खोक्यासारखे शिवून घ्या. मागच्या बाजूला पॉवर आणि पेडलच्या वायरींसाठी चीर ठेवायला सांगा, नाहीतर रोज वायरी उपसाव्या लागतात आणि शेवटी सॉकेट ढिला होतो. सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापायला द्या. हे न सांगता शिंपी करेल अशी आशा ठेवू नका.

खालून इलॅस्टिक असलेलं कव्हर टेबलावरच्या कीबोर्डला ठीक. एक्स स्टँडवर मात्र ते स्टँडच्या हातांमध्ये अडकतं आणि एका बाजूने उघडंच राहतं. तिथे बाजूंनी नुसतं खाली सोडलेलं कव्हर बरं.

फार घट्ट कव्हर

लायक्राचं ताणून बसणारं कव्हर फोटोत सुंदर दिसतं. साध्या पियानोला हरकत नाही. पण ज्या सिंथवर (सिंथेसायझरवर) फेडर, नॉब आणि बेंडची दांडी आहे, तिथे ताणलेलं कापड या सगळ्यांवर दिवसरात्र दाब ठेवतं आणि ओढून काढताना फेडर सरकवतं. दुसऱ्या दिवशी "आवाजच येत नाही" म्हणून दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी व्हॉल्यूमचा फेडर खाली गेला आहे का, ते बघा. असं सामान असेल तर पॉलिकार्बोनेटचं कडक झाकण उत्तम. डेकसेव्हरसारखी झाकणं ठरावीक मॉडेलच्या मापाने बनतात, त्यामुळे महाग पडतात. ती पुसताना थिनर किंवा अॅसिटोन वापरू नका, झाकण धुरकट होतं.

कव्हर असूनही बिघाड

एखादी पट्टी वाजतच नाही, किंवा हलकेच दाबली तरी एकदम किंचाळते. याचं कारण पट्टीखाली असतं. तिथे रबराच्या घुमटीत कार्बनचे दोन ठिपके असतात. पट्टी दाबली की आधी एक टेकतो, मग दुसरा. मधल्या वेळेवरून यंत्र जोर ठरवतं आणि मिडीत (वाद्यं एकमेकांशी बोलतात त्या डिजिटल भाषेत) त्याला १ ते १२७ मधला आकडा देतं. एका ठिपक्याखाली कचरा गेला की हा हिशेब चुकतो. आता कव्हर बदलून उपयोग नाही. कीबोर्ड उघडून ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे लागतात.

कव्हर काढल्यावर कुबट वास येत असेल तर आत ओल कोंडली आहे. अशा वेळी लोक सिलिका जेलच्या पुड्या कव्हरखाली सारतात. खालून उघड्या कव्हरखाली ती पुडी खोलीभरची ओल शोषायला बसते आणि लवकरच भरून जाते. ती बंद डब्यातच कामाची. पावसाळ्यात रोज अर्धा तास कीबोर्ड चालू करून वाजवणं हा त्यापेक्षा चांगला उपाय, आतल्या उबेने ओल हटते. रियाजही होतो.

मॉनिटर स्पीकर (रेकॉर्डिंग ऐकायचे स्पीकर) स्टँडबायवर ठेवून त्यांच्यावर कव्हर चढवू नका. अॅम्प्लिफायर आतच असतो आणि त्याची उष्णता बहुधा मागच्या पत्र्यातून बाहेर पडते. स्विच बंद करा, हात लावून बघा, निवला असेल तर झाका. व्हॉल्व्हच्या प्रीअॅम्पला (माइकचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) आणखी थोडा वेळ द्या.

रेकॉर्डिंगच्या नाजूक कंडेन्सर माइकवर फोमची टोपी कायम ठेवणारे बरेच भेटतात. फोम म्हणजे भोकांचंच जाळं, आणि जुना झाला की त्याचा चिकट भुगा जाळीतून आत पडतो. आतला पडदा काही मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्याच्यावरच्या विद्युतभारामुळे धूळ तिकडे ओढली जाते. रात्री माइक काढून सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल धरलेला माइक रेकॉर्डिंगच्या मधेच तडतडायला लागतो.

गणपतीच्या दिवसांत मंडपात कीबोर्ड असेल तर गुलालासाठी वेगळी जुनी चादर ठेवा आणि तीच परत घरच्या कव्हरखाली घालू नका. घरचं कव्हरही दर पंधरा दिवसांनी बाहेर नेऊन झटका, आणि वरची बाजू कोणती ते ओळखायला आतल्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घाला. एकदा उलटं पडलं की साठलेली सगळी धूळ पट्ट्यांवर येते.

प्लॅस्टिक आधीच चिकटलं असेल तर ओढून फाडू नका, एका कडेने हळूहळू सोडवा. उरलेला चिकटपणा भांड्याच्या साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्या वाटेला जाऊ नका. नख टेकल्यावर खूण उमटण्याइतका पृष्ठभाग मऊ झाला असेल, तर तो पुन्हा कडक होत नाही. नॉबची टोपणं सुटी मिळत असतील तर ती बदलून घ्या.